दाराला लाल टॅग

सोम., ३ फेब्रु.
जुनी वही भरली, ही नवी. डॉक्टर मॅडमनी सांगितलेले चार रकाने: गोळी, झोप, आवाज (फक्त मलाच ऐकू येणारा), राग (दहापैकी). यापुढे पहिलं अक्षरच लिहीन.
गो. घेतली. झो. ७ तास. आ. एकदा, भांडी घासताना. रा. २.
आज दादासोबत दवाखान्यात. मॅडम त्याला म्हणाल्या, "हा आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला मारत नाहीत. पण गोळ्या सुटल्या, झोप उडाली आणि संशय बसला की जपायचं." गेल्या वर्षी तिन्ही झालं होतं. दादा चहात काहीतरी घालतोय अशी माझी खात्री होती. मी त्याला पान्याने मारलं. त्याच्या डाव्या भुवईवर पाच टाके. त्याच आठवड्यात वहिनी लेकीला, मनूला, घेऊन माहेरी जालन्याला गेली. भाऊजी घरात आहेत तोवर मी येणार नाही, म्हणाली. तिचं चुकलं असं मी एकदाही लिहिलेलं नाही. दादाने मात्र मला घराबाहेर काढलं नाही. हे रोज लिहिलं तरी कमीच.

गुरु., ६ फेब्रु.
गो. झो. ६॥. आ. नाही. रा. १.
दादा चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्यांचा नियम: मशीनमध्ये हात घालण्याआधी ज्याने त्याने आपला लाल टॅग लावायचा. लावला त्यानेच काढायचा. तो असेपर्यंत मशीन कोणी सुरू करायचं नाही, मॅनेजरनेसुद्धा टॅगला हात लावायचा नाही. आज तो त्याचा जुना टॅग घरी घेऊन आला. वर त्याचाच फोटो, मिशी नसतानाचा.
"भावा, आतून तापायला लागलं की हा दाराला लावायचा. कोणी आत येणार नाही."
मॅडमना फोन करून विचारलं. चालेल म्हणाल्या, पण अर्ध्या तासाने दादाने किंवा आईने बाहेरून हाक मारायची. तरी उतरलं नाही तर त्यांना फोन.

सोम., १० फेब्रु.
गो. झो. ६. आ. तीनदा. रा. ६.
वरच्या मजल्यावर ड्रिल चालू होतं. आवाज त्यातूनच बोलायला लागला. टॅग लावून आत बसलो. चाळीस मिनिटांनी स्वतः काढला. आईने चहा झाकून ठेवला होता.
शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "थोरल्याला काय झालं हो? दाराला फोटो लावलाय त्याचा." दादाला सांगितलं तर म्हणाला, "समजू दे माझंच डोकं फिरलंय. कंपनीतही सगळे तेच म्हणतात." खूप हसलो आम्ही. नंतर मोरीत जाऊन मी तोंड धुतलं.

शुक्र., १४ फेब्रु.
गो. झो. ५. आ. नाही. रा. ३. काळजी मोजायला रकाना नाही.
वहिनी रविवारी येणार. राहायला नाही, बघायला. सोबत तिचा मोठा भाऊ, अण्णा. मनूला आणणार नाही. ती काय बघेल त्यावर पुढचं सगळं.
आईला म्हणालो, विळी, सुऱ्या घराबाहेर ठेव. दादा म्हणाला, "राव, मग कांदा काय दाताने चिरायचा?" तरी सगळं पिशवीत घालून काकूंकडे ठेवून आला.

रवि., १६ फेब्रु.
गो. झो. ४. आ. खूप. रा. ९.
नीट क्रमाने लिहितो. अकराला आले. वहिनी वाळली आहे. मी नमस्कार केला. अण्णांचा आवाज मोठा. साडेअकराला माझ्या आतला आवाज म्हणायला लागला, ढकल, ढकल. दादाला खूण केली, आत गेलो, टॅग लावला. दादा पोहे आणायला खाली गेला.
आईने टॅग काढला. पाहुण्यांपुढे दाराला ते काय लटकवायचं, म्हणून.
अण्णा आत आले. मागून खांद्यावर हात. "काय पैलवान, झालास का बरा?" मी उठलो. मूठ वळली होती, मला दिसत होती. ते मागे सरकले, पण दारातच उभे. मी म्हणालो, "बाजूला व्हा. मला बाहेर जायचंय." ते हसले. "अरे बस की, मी काय वाघ आहे?"
वहिनी त्यांच्या मागून ओरडली, "अण्णा, दार सोड!"
सोडलं. मी गच्चीवर गेलो. थोड्या वेळाने दादा आला, चार पावलांवर टाकीला टेकून बसला. मॅडमना फोन त्यानेच लावला. खाली आलो तेव्हा पाहुणे गेले होते. पोहे तसेच.

सोम., १७ फेब्रु.
गो. (एक वाढवली). झो. ८. आ. एकदा, हळू. रा. १.
आई रडली. "मला वाटलं आपल्या घराची अब्रू जाईल." मी तिच्यावर चिडलो नाही. लावला त्यानेच काढायचा, हा कारखान्यातला नियम आईला कुठून माहीत असणार? आम्हीच नीट समजावला नव्हता.
कुणाला लागलं नाही. तरी खात्री म्हणून दादाच्या हाताला दोनदा हात लावून बघितला. वहिनी ओरडली ती मला वाचवायलाही असेल. असेल.

गुरु., २० फेब्रु.
गो. झो. ७. आ. नाही. रा. ०.
आत्ता वहिनीचा फोन. दादाला वाटलं त्याच्यासाठी. "भाऊजींना द्या," म्हणाली. वर्षात पहिल्यांदा.
"खरं सांगा. अण्णाला मारावंसं वाटलं होतं?"
नाही म्हणता आलं असतं. दादा समोरच होता.
"हो," म्हणालो.
तिने विचारलं, "मनू समोर असती तर?"
"माहीत नाही वहिनी. टॅग लावला असता. गेलो असतो. पण शपथ घेऊन सांगता येत नाही."
"परत तसं वाटलं तर आधी मला सांगाल? यांना नाही. मला."
"कळलं तर सांगेन. आता बहुतेक वेळा कळतं."
"बहुतेक," ती म्हणाली. मागे मनू विचारत होती, कोण आहे, कोण आहे. वहिनीने तिला सांगितलं, "काका." नुसतं काका. मग मला म्हणाली, "थांबा हं, दूध उतू जातंय. ठेवू नका."
ठेवलेला नाही. डाव्या हातात फोन, उजव्याने लिहितोय. तिकडे भांड्यांचा आवाज येतोय, आणि मनूचाही, फोनच्या जवळ येत चाललेला.