डॉक्टरीणबाईंना शेवटचा रामराम

२ फेब्रुवारी, सोमवार. बंडाबर्ग.
पाठीवरचा मेलानोमा, उन्हाने होतो तो कातडीचा कॅन्सर, कापला त्याला अकरा वर्षं झाली. तरी दरवर्षी ‘कपडे काढा’ चालूच! डॉक्टर हॅलोरनबाई म्हणतात, एकदा झाला की दुसरा नवा होऊ शकतो, लक्ष आयुष्यभर ठेवायचं. पुरे झालं. गुरुवारी शेवटची तपासणी, मग बाईंना रामराम.

३ फेब्रुवारी.
उजव्या टाचेवर काळा डाग आहे, नाताळापासून. किरकोळ. क्लबात हिरवळीवर लॉन बोल्स खेळताना जड गोळा पायावर पडला होता, त्याचाच. पडला डाव्या पायावर, पण रक्त काय, सगळीकडे फिरतं.

४ फेब्रुवारी.
डाग बायकोला दिसला. नोरीन म्हणाली, डेस, उद्या बाईंना दाखव. म्हटलं, तळपायाला कधी ऊन लागतं का? म्हणाली, अक्कल पाजळू नकोस. क्लबात मर्व्हला विचारलं. तो म्हणाला, तिथे काही होत नसतं लेका. मर्व्ह जाणकार आहे. जन्मभर छपरांवर पत्रे ठोकलेत, अर्धा कान ह्याच रोगापायी कापून झालाय.
निश्चय: मोजे काढायचे नाहीत. दरवर्षी नाहीच काढत.

५ फेब्रुवारी. सकाळी ९.
मस्त झोप लागली. तीनदा उठलो तेवढंच.

संध्याकाळ.
पाठ, छाती, डोकं, सगळं स्वच्छ. पँट घ्यायला वाकलो तर बाई म्हणाल्या, मोजे. म्हटलं, नखांना बुरशी आहे. म्हणाल्या, दरवर्षीचीच ना? काढा. नोरीनने फोन केला असणार. घरभेदी!
तोवर बाई त्यांच्या कुत्र्याच्या खोड्या सांगत होत्या. भिंग टाचेवर धरलं आणि दिवा जवळ ओढला. मी गोळ्याची हकीकत सांगितली. कोणत्या पायावर पडला, विचारलं. मी खोकलो. तुकडा काढून तपासायला पाठवलाय.
कुत्र्याचं पुढे काय झालं, ते राहिलंच.

९ फेब्रुवारी.
फोन नाही. म्हणजे चांगलंच असणार. नोरीनवर उगाच ओरडलो.

१२ फेब्रुवारी.
मेलानोमा. जुना उलटलेला नाही, दुसराच, नवा. पहिल्यापेक्षा खोल. टाच आणखी कापायची, रोग पसरलाय का ते बघायला जांघेतली एक रसग्रंथी काढून तपासायची. डाग कधीपासून, बाईंनी विचारलं. म्हटलं, गेल्या आठवड्यात दिसला. नोरीन शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, नाताळापासून. फार घाबरलोय.
ऑपरेशननंतर दर तीन महिन्यांनी तपासणी, असं बाई म्हणाल्या. मी विचारलं, दर महिन्याला नाही का जमणार?