आजोबा थांबायचे तिथे

अजमान,
९ ऑगस्ट १९९६

ती. जोकिममामा यांस,
व्हर्ननचा शि. सा. न. वि. वि. जय ख्रिस्त.

तुमची कॅसेट पोचली. आणणाऱ्याने ती सुक्या बोंबलांच्या पिशवीत ठेवली होती, त्यामुळे तुमच्या लॅटिन गाण्याला इथे बोंबलाचा वास येतो. हारुन म्हणतो, आता कुठे तुझं गाणं घरचं वाटायला लागलं. हारुन म्हणजे माझा रूममेट, रत्नागिरीचा, शिवणकाम करतो. मी बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा लावून रियाज करतो, म्हणजे आवाज जिन्यात जात नाही. तो रोज विचारतो की आत मयत धुतोयस का.

जिन्याचं कारण तुम्हांला माहीत आहेच. अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्याच्या वर्कशॉपमधून कंटाळून पळालो त्याला वर्ष होऊन गेलं. पासपोर्ट अजून कंपनीच्या कपाटात आहे. बिनकागदाच्या माणसाला इथे खल्लीवल्ली म्हणतात. जिन्यात बूट वाजले की पोलीस समजून आम्ही टीव्ही बंद करतो. हारुनचे कागद ठीक आहेत, पण माझी भीती त्यालाही लागलीय.

तरी शुक्रवारी दुबईत अल कुसैसला जातोच. कॅमिला आंटींच्या घरी आम्ही चौघं चर्चचं जुनं लॅटिन गाणं शिकतो. पेटी नाही, ताल नाही, चौघांचा मिळून एकच सूर. त्यांचा धाकटा होमवर्क करता करता मान वर न करता ‘फ्लॅट, अंकल, फ्लॅट’ म्हणतो, म्हणजे सूर उतरला. आंटींनी मजेशीर गोष्ट सांगितली. हजार वर्षांपूर्वी सूर लिहायची सोयच नव्हती म्हणे. शब्दांवर माश्या बसल्यासारख्या खुणा, आवाज वर न्या, खाली आणा, एवढंच. ज्याला गाणं आधीच येतं त्याला आठवण व्हावी म्हणून. न येणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. रेघा नंतर कुणा साधूने आखल्या. मग मी माश्यांवरच बोलत बसलो, आणि आंटी म्हणाल्या, यल्ला, गा.

आता भांडण. मर्तिकाला कबरीपाशी म्हणायच्या गाण्यात तुम्ही एका शब्दाच्या मधोमध थांबून श्वास घेता. आंटींच्या पुस्तकात तिथे सरळ ओळ आहे. तुम्ही चुकता मामा! अख्ख्या गावाला चुकीचं गाऊन पोचवलंत.

बाकी, बिनकागदवाल्यांनी मुदतीत देश सोडला तर शिक्षा नाही, असं जाहीर झालंय. पण कंपनीने माझं नाव फरार म्हणून दिलंय. अशांना आत टाकतात, असं सगळे म्हणतात. मी हलणार नाही.

चूक काढली म्हणून लोभ आटू देऊ नये.
आपला,
व्हर्नन


गिरीज, वसई,
२१ ऑगस्ट १९९६

चि. व्हर्ननास,
जोकिममामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू तिथे असल्यामुळे तुला ते कळलं नाही.

तुझ्या आजोबांचं एकच फुफ्फुस चालत होतं. ती ओळ त्यांना एका दमात पुरत नसे, म्हणून ते तिथे थांबत. मागचे गाणारे त्यांच्यासाठी थांबत. ते गेले तेव्हा आम्ही त्यांच्या कबरीवर तेच गायलो आणि सगळे तिथेच थांबलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मग ते गाण्यातच राहिलं. तुझ्या आंटींना सांग, पुस्तक बरोबर आहे. आम्हीही चुकत नाही.

पुढे चर्चमधली मिस्सा मराठीत आली, चांगलंच झालं, लोकांना कळू लागलं. लॅटिन उरलं ते मर्तिकापुरतं, तेही कुणी मागितलं तर. तेव्हाचे गाणारे एकेक करून त्याच दफनभूमीत गेले. आता मी एकटा.

दुसरं. माझा घसा पावसाळ्याआधीपासून बसलाय, तो सर्दीचा नव्हता. मुंबईचे डॉक्टर ७ ऑक्टोबरला आवाजाची पेटी काढणार. गळ्याला भोक ठेवतात, श्वास तिथून. बोलणं-गाणं तुमच्या भाषेत खलास. कॅसेटवर एक गाणं आहे. बाकीची कुठे लिहिलेली नाहीत, ती माझ्या घशातच आहेत.

तू ये असं मी म्हणत नाही. तारीख फक्त कळवली. तुझी आई मात्र रोज पोस्टमनची वाट बघते आणि मला म्हणते की मी बघत नाही.

लोभ आहेच. अक्कल वाढावी ही प्रार्थना.
तुझा,
जोकिममामा


अजमान,
३ सप्टेंबर १९९६

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं, बाथरूममध्ये गेलो, पंखा लावला आणि तसाच उभा राहिलो. हारुनने बऱ्याच वेळाने दार ठोकलं.

मी गेलो होतो मामा. आपल्या कॉन्सुलेटकडे. तिथे आउटपास देतात, पासपोर्ट नसला तरी घरी जाण्यापुरता. लाइन भिंतीला वळसा घालून मागपर्यंत. उन्हात माणसं डोक्यावर खोके धरून उभी. मी चहा घ्यायला लाइन सोडली, मग एका मांजरीची पिल्लं बघत बसलो, मग परत उभा राहिलो. तेवढ्यात पुढच्या एकाने सांगितलं की काल दोघांना बाजूला घेतलं, ते फरारवाले होते, पुन्हा दिसले नाहीत. त्यानंतर मला एवढंच आठवतं की मी टॅक्सीत होतो आणि एका पायात चप्पल नव्हती. हारुन म्हणाला, इथे घाबरतात सगळेच, पण तुझ्याएवढं जोरात कुणी पळत नाही.

तुम्ही सगळी गाणी कॅसेटवर भरून पाठवा ना. मी इथे बसून शिकतो.

आणखी एक आहे, हसू नका. मला वाटतं, सगळी गाणी मला आली की तुम्ही जाल. कबरीपाशी म्हणायचंच तर शिकतोय मी. ते कुणासाठी?

रागावू नये, लोभ सोडू नये.
आपला,
व्हर्नन


गिरीज, वसई,
१४ सप्टेंबर १९९६

चि. व्हर्नन,
अनेक आशीर्वाद.

शेजारचा टेपरेकॉर्डर आणून बघितला. दोन ओळी झाल्या की आवाज फाटतो. शिवाय कॅसेट गाते, ऐकत नाही. तू चुकलास तरी ती पुढे निघून जाते. मी तुझ्या आजोबांच्या शेजारी उभा राहून शिकलो. श्वासाची वेळ आली की त्यांचा कोपर माझ्या बरगडीला लागायचा. कोपर टपालाने येत नाही.

तुझ्या शिकण्याने मी मरणार असेन, तर तुझा शिकण्याचा वेग बघता मी अमर आहे.

भीती मलाही वाटते. सकाळी जाग आली की आधी ‘हं’ करून बघतो, आवाज आहे का अजून. तुझ्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू करतो. मग वाटतं, हळू झाला की गेला?

जास्त लिहीत नाही. तू काहीही ठरवलंस तरी लोभ तोच.
जोकिममामा


गिरीज, वसई,
३ नोव्हेंबर १९९६

सौ. कॅमिला आंटी यांस,
व्हर्ननचा सा. न. वि. वि.

न भेटता निघालो, माफ करा. वेळच मिळाला नाही.

या खेपेला हारुन दुकान बंद ठेवून बरोबर आला आणि लाइनमध्ये त्याने माझ्या शर्टाचं टोक धरून ठेवलं, लहान पोराचं धरतात तसं. आउटपास मिळाला. मग पुढच्या कचेरीत एकाने माझं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि मला बाजूला घेतलं. हारुनला तिथेच थांबवलं. बिनखिडकीची खोली होती, आम्ही दहाबारा जण. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी काही सांगत नव्हतं. माझी छाती बंद झाली. खरंच, हवा आतच जाईना. मी मनात ते गाणं धरलं. आजोबा थांबतात तिथपर्यंत आलो आणि श्वास आत आला. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथपर्यंत. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग हाक आली, अंगठे घेतले, शिक्का मारला. बाहेर हारुन भिंतीला टेकून रडत होता आणि मला म्हणत होता की ऊन डोळ्यांत गेलं.

घरी पोचल्यावर मामांनी केळीच्या वाडीत नेलं, म्हणजे आईला त्यांचा फाटका आवाज ऐकू जाऊ नये. कसले सूर, आंटी! करवतीने ओलं लाकूड कापावं तसा आवाज. पण कोपर पक्का. ऑपरेशनपर्यंतच्या चारपाच सकाळींत तीन गाणी आली. चौथं अर्ध्यावर राहिलं. बाकीची गेली. ती आता कुणालाच येत नाहीत.

काल मृतांचा दिवस होता. दफनभूमीत मेणबत्त्या, झेंडूचे हार, सगळं गाव. मिस्सेनंतर फादरांनी माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत वाटली नव्हती एवढी भीती वाटली, कारण इथे सगळे मला ओळखत होते. आजोबांच्या कबरीपाशी मामा माझ्या शेजारी उभे राहिले, गळ्याला पांढरा रुमाल. मी सुरुवात केली. सूर उतरत होता, तुमचा धाकटा असता तर ‘फ्लॅट’ म्हणाला असता.

त्या शब्दाच्या मधोमध मी थांबलो. तिथे नेहमी काही ऐकू येत नाही. काल आलं. रुमालामागून मामांचा श्वास, मोठा, घरघरता, माझ्या जरा आधीच. कोपर लावायची गरज त्यांना पडली नाही. मग बाया थांबल्या, म्हातारे थांबले. मामा माझ्याकडे बघत नव्हते. मी त्याच श्वासावर पुढची ओळ उचलली.

एक काम कराल? तुमच्या पुस्तकात तिथे श्वासाची एक बारीक रेघ मारा. पेन्सिलीनेच. कुणाला दम पुरत असेल तर तो खोडू दे.

हारुनला सांगा की बाथरूम आता त्याचं. लोभ आहे तसाच राहावा, शुक्रवारी जरा जास्त.
आपला,
व्हर्नन