माझ्या नावे माळावर झाड नको

प्रथम क्षमा मागते. ज्यांनी घरे बांधली, संसार केले, त्यांनी मृत्युपत्रे लिहावीत. वाचनालयाबाहेर फारसे न बोललेल्या चोवीस वर्षांच्या मुलीने तो आव आणणे शोभत नाही. परंतु उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, आणि आशेविषयी बोलताना डॉक्टरांनी बाबांकडे पाहिले नाही.

मी, पायल बाबुराव ओव्हाळ, राहणार वाघोली, पुणे, पूर्ण भानावर असून, कोणाच्याही दडपणाविना माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते.

माझी पुस्तके विहाराच्या वाचनालयास द्यावीत. दहावीला मराठी माध्यमात पहिली आले त्याचे पदक बाबांकडे राहावे. पुसायला त्यांना काहीतरी हवे. दुर्बीण माझ्या मावसबहीण, वकील दीपमालाताई यांना द्यावी. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकही त्याच. माळावर जाताना त्यांनी पांढरे कपडे घालू नयेत; पक्षी बुजतात.

बाबांनी बक्षीसपत्राने माझ्या नावे केलेला घरामागचा माळ मी बाबांनाच परत देते. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

या माळावर तित्तरांची वस्ती होती. हा पक्षी गवताच्या बुडाशी, जमिनीवरच अंडी घालतो. पहाटे एकाने साद घातली की चहूकडून उत्तरे येत. गेल्या हिवाळ्यात एकच साद उरली होती. तो पक्षी ओरडे, थांबून ऐके, पुन्हा ओरडे.

कारण एकच असते, तर मी त्याच्याशी भांडले असते. शेजारच्या प्लॉटवर तणनाशक फवारले. किडे मेले, पिलांना खायला उरले नाही. अवकाळी पावसात उरलेली पिले गारठली. शेजारच्या मथुराकाकू उरलेल्या पोळ्या माळावर कुत्र्यांना घालतात. पोळ्या संपल्या की कुत्री अंडी हुडकतात. "मुका जीव आहे गं, पुण्य लागतं," असे काकू म्हणतात. अंडीही मुकीच असतात. काकूंना मी काही ठेवलेले नाही, म्हणूनच त्या साक्षीदार होऊ शकतात.

आणि बाबा, माझ्या प्रत्येक वाढदिवसाला, मला आयुष्य लाभावे म्हणून, तुम्ही माळावर झाडे लावलीत. "उघडा माळ बरा दिसतो का? झाडं आली की पाखरं येतील," म्हणालात. आली. कावळे आले. फांदीवर बसून त्यांना गवतातले प्रत्येक घरटे दिसते.

घरी तेलाच्या डब्यात पिंपळाचे रोप तुम्ही कशासाठी वाढवत आहात, हे मला कळते. ते विहाराच्या अंगणात लावावे. माळावर माझ्या नावे झाड लावू नये, खड्डा घेऊ नये, गवत जाळू नये.

वरील मजकूर वाचून दाखवला तेव्हा बाबांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. नंतर म्हणाले, "मग तुझी आठवण आली तर मी बसू कुठं?"

"गवतात. पहाटे. आणि बोलायचं नाही."

"आणि तिकडून उत्तर नाही आलं तर?"

या प्रश्नाची तरतूद मला करता आलेली नाही.

लिहून देणार: पायल बाबुराव ओव्हाळ (सही)

साक्षीदार:
१. मथुराबाई शितोळे (सही). कुत्र्यांविषयीचा मजकूर मान्य नाही, अशी नोंद करण्यास त्यांनी सांगितले.
२. रतन साबळे, परिचारिका (सही)

स्थळ: पुणे. दीपमालाताईंना पाठवले: ११ मार्च २०२५, दुपारी ४ वाजून २० मिनिटे.