ह्यांचं जाळं आणि अक्षयाचा बॉल

३ डिसेंबर

अक्षयाला आज पुन्हा खेळातून हाकललं! कारण काय, तर ती जोरात टाकते. आमच्या तोंडवलीच्या किनाऱ्यावर नियमच आहे — बॉल कीपरच्या मागे गेला, की टाकणाऱ्याने आणायचा. कीपर जागचा हलत नाही. मागे सुरूचं बन, बनात काटेरी केवडा. मग कोण कशाला जोर लावेल? गावातले सगळे बॉलर पिढ्यान् पिढ्या हळू! ही एकच वेडी, माझ्या दिराची पोर. टाकते, धावते, शोधते, खरचटून परत येते. शेजारचा फ्रेडी बॅट टाकून वाळूत बसतो. आज म्हणाला, "बाय गो, तुझी ओव्हर संपापर्यंत माझे केस पिकतले!"

५ डिसेंबर

मालवणच्या वाचनालयातून जलद गोलंदाजीवरचं पुस्तक आणलं. तिथली मुलगी म्हणते, "नातवासाठी का?" म्हटलं, माझ्यासाठी. भजीच्या कागदावर वाचायला शिकले मी, हे तर शिवलेलं पुस्तक आहे!

११ डिसेंबर

वाचते आहे. बॉल टाकताना पुढच्या पायावर अंगाच्या कितीतरी पट भार येतो म्हणे. वाढत्या वयात रोज रोज टाकू नये. झोप हवी, प्रथिने हवीत. प्रथिने म्हणजे बांगडा — हे मला कळलं, पुस्तकवाल्याला नाही. तो कोंबडीचं लिहितो.

अक्षयाला दोन तळून दिले. "काकी, तुका नको?" म्हटलं, माका भूक नाय. हे गेले, ह्यांचं जाळं परसातल्या मांगरात टांगलं, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून बांगडा गोडच लागत नाही. पोरीला काय सांगायचं!

१८ डिसेंबर

अक्षयाचे वडील, धोंडूभावोजी आले. दरवर्षीप्रमाणे. "वयनी, ता जाळा माका दी. टांगान ठेवलंस तर कुसतला." म्हटलं, कुजू दे. ते गेल्यावर वाईट वाटलं. पण दिलं नाही.

२० डिसेंबर

सुचलं! जाळं मांगरातून काढलं आणि स्टंपांच्या मागे दोन सुरूंना बांधलं. फ्रेडी म्हणाला, "काकी, हय खंयचो मासो गावतलो?"

अक्षयाचा पहिलाच बॉल सरळ जाळ्यात. सरंग्यासारखा अडकला! कुणी धावलं नाही. दुसरा त्याहून जोरात. तिसऱ्याला फ्रेडी स्टंप सोडून बाजूला! पोरगी हसत होती. इतके दिवस धावून धावून तिचा निम्मा दम बनातच जात होता.

भावोजी बघायला आले. लेकीकडे नाही, जाळ्याकडे बघत होते. "माका मासे धरूक दिलंस नाय, आणि हिका बॉल धरूक!"

बोलत नाहीत माझ्याशी.

४ जानेवारी

जाळ्याला भोक. बसून शिवलं. ह्यांच्या गाठी बारीक, माझ्या जाड. शेजारी शेजारी असल्या तरी ओळखू येतात.

१५ जानेवारी

जितेंद्र सर जिल्ह्याच्या निवडीसाठी मुली तयार करतात. त्यांनी अक्षयाला पाहिलं नि म्हणाले, "वेग कमी कर. आधी लाइन." मी पुस्तकातलं सांगितलं — अंगाला हळूची सवय लागली की पुढे ती सुटत नाही. "काकू, तुम्ही कधी खेळलात?" म्हटलं, नाही. वाचलंय. ते हसले. मग म्हणाले, "माझी कीपर रडते हो. वाइड आणि बाय देऊन आम्ही मॅच हरतो." त्यांचंही चूक नाही.

अक्षया सरांना हो म्हणून आली. मला राग आला, पण कोणावर, ते कळेना.

२ फेब्रुवारी

ओरोसला जिल्ह्याची निवड. मी, अक्षया, भावोजी — एसटीने. भावोजी खिडकीशी बोलत होते.

प्रत्येकीला एक ओव्हर. अक्षयाचे पहिले तीन बॉल सरांच्या मनासारखे, शहाणे. खुर्चीतल्या निवडवाल्या मॅडम शेजारणीला म्हणाल्या, "अशा आपल्याकडे पुष्कळ आहेत." ऐकलं मी!

चौथ्याला अक्षया कीपरच्या मागे बघत राहिली. मागे जाळं नाही. लांबच लांब मैदान आणि टोकाला भिंत. मी उठले नि ओरडले, "टाक गो! आणूक मी जातंय!"

सरांनी कपाळ धरलं.

तिने टाकला. बॅटवालीची बॅट खाली यायच्या आत बॉल गेला, कीपर खाली बसली, बॉल भिंतीवर आपटला! मी पदर खोचून केव्हाच निघाले होते. एकसष्ट वर्षं वय, सगळं मैदान हसत होतं. धापा टाकत परत आले तर मॅडम खुर्चीतून उठून उभ्या. "आजी, बॉल द्या तिला. अजून एक, अगदी तसाच."

पाचवा आणायला भावोजी धावले. चप्पल मागेच राहिली. सहावा सरांनी आणला!

१० फेब्रुवारी

निवड झाली! पुण्याला शिबिर. भावोजी म्हणतात, डोळ्यांत वाळू गेली. घरात बसून!

२६ फेब्रुवारी

अक्षया गेली. किनाऱ्यावर मुलं खेळतात, पण जाळ्यापर्यंत काही पोचत नाही. नुसतं वाऱ्यावर हलतं.

२८ फेब्रुवारी

जाळं उतरवलं. मांगरात नेलं नाही, भावोजींच्या होडीत टाकलं. त्यांनी संध्याकाळी बांगडे आणून दिले. दोन तळले, दोन्ही खाल्ले. गोड लागले.