ऐकल्याचं कार्ड

५ ऑगस्ट २०१८, रविवार. आर्णी

आलो एकदाचा! साताऱ्याहून दीड दिवस, तीन गाड्या, एका बॅगेचा पट्टा तुटला. रिसीव्हर मात्र मांडीवर सुखरूप. पोस्टात डाक सहायक, पहिलीच नेमणूक. यादीत आर्णी वाचून आईनं कपाळाला हात लावला आणि मी उडी मारली. कारण आर्णी माझ्या कानांच्या ओळखीची.

मला रेडिओचा नाद आहे. गाण्या-बातम्यांचा नव्हे. काही हौशी लोक टॉर्चच्या बल्बपेक्षाही कमी शक्तीचं यंत्र बनवतात आणि ते दिवसभर आपलं नाव मोर्समध्ये पाठवत राहतं. टिंब आणि रेघ, बस. त्याला बीकन म्हणतात. आमच्यासारख्यांनी खरखरीतून ते शोधायचं, वहीत नोंदवायचं आणि मालकाला ‘ऐकलं बरं का’ असं कार्ड टाकायचं. बोलायचा परवाना माझ्याकडे नाही. मी नुसता कान.

गेल्या वर्षी परीक्षेचा अभ्यास सोडून मी आर्णीच्या एका बीकनमागे लागलो होतो. आधी नाव, मग तीन लांब रेघा, प्रत्येक आधीच्या रेघेपेक्षा निम्म्या शक्तीची. तिसरी ऐकू येणं म्हणजे कानांची पदवीच. सप्टेंबरअखेर एकदा आली आणि मी घरभर नाचलो. मालकाचं नाव कलीम. कार्ड टाकलं, उत्तर नाही. बीकनही नंतर गप्प झालं. म्हटलं, आता समोरच जाऊन भांडू.

पत्ता वहीत होताच. दार कलीमच्या आईनं उघडलं, शमसुन्निसा खाला. माझ्या मांडीएवढ्या रिसीव्हरकडे बघत राहिल्या. कलीमचा दोस्त का, म्हणाल्या. म्हटलं, तसंच समजा. कलीम कुठाय विचारलं तर ‘नाही तो’ म्हणून चहा ओतू लागल्या. नागपूरला कामाला गेला असणार. माडीवरची त्याची खोली मला दिली. खिडकीतून पोस्टाची कौलं दिसतात, म्हणजे दुपारच्या सुट्टीत घरी येऊन ऐकता येईल. माणसाला आणखी काय हवं!

८ ऑगस्ट

कलीम नागपूरला नाही. तो वारला.

थोरले भाऊ वाहिदभाई यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, तिथं आज त्यांनी सांगितलं. बीकनचा खांब गावाबाहेर बबनरावांच्या वावरात होता, तिथं गावातल्या मोटरींची खरखर नाही म्हणून. गेल्या वर्षी कापूस डोक्याच्या वर गेला होता. सत्तावीस सप्टेंबरला दुपारी कलीम तार बघायला आत शिरला आणि भोवतीच्या वावरांत फवारणी चालू झाली. वारा पडलेला. उंच कपाशीत औषध कोंडून राहिलं. संध्याकाळी सापडला, खांबाच्या बुडाशी. त्या हंगामात जिल्ह्यात असे कितीतरी गेले. पेपरात आलं, मास्क लावले नव्हते. म्हणजे चूक मरणाऱ्यांचीच. कलीम तर फवारतही नव्हता.

वाहिदभाई हातातली तार गुंडाळत म्हणाले, ‘‘एका दमात गेला भाऊ. कोनाले हाक मारायलेही टाइम नाही भेटला. अम्मी त्या एका गोष्टीवरच जगून राह्यली.’’

मी भांडायला आलो होतो. लाज वाटली.

१२ ऑगस्ट, रविवार

दुपारी सव्वाबाराला रिसीव्हरवर चाळीस मीटरचा पट्टा सहज फिरवत होतो. कलीमचं बीकन लागलं.

नाव. तीन रेघा. तिसरीसुद्धा स्वच्छ. आनंदानं ओरडणार होतो, तेवढ्यात खाली खालांच्या भांड्यांचा आवाज आला आणि जीभ आवरली. त्याचं नाव दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. तरी कुणीतरी आगाऊपणा करत असेल. आमच्यातही असले महाभाग असतात.

१५ ऑगस्ट

सुट्टी. काही न सांगता वाहिदभाईंकडून कलीमची पेटी उघडून घेतली. यंत्र आत आहे. बॅटरी फुगलेली, तार कापलेली. सोबत लाकडी फळीवर बसवलेली हातची ‘की’, मोर्स पाठवायची दांडी. ती दाबून बीकनमध्ये आपल्या हातानं टिंब-रेघ घालता येते. वाहिदभाई म्हणाले, सापडला तेव्हा त्याचा हात हिच्यावर होता.

पेटी उघडी, यंत्र माझ्यासमोर. माडीवर रिसीव्हर चालू ठेवून आलो होतो. जिन्यातून ऐकू येत होतं. नाव. रेघ. रेघ. रेघ.

दुपारी बबनरावांकडे जाऊन आलो. खांब अजून उभा आहे. त्यांना वाटलं मी खांब काढायला आलो. यंदाही कापूस खांद्याला लागतो. निघताना मागून ओरडून सांगितलं, ‘‘फवारनी चालू असली का वावरात शिरू नोका भाऊ. मले इचारल्याशिवाय तर बिलकुलच नाही!’’ त्या पोराला मी सांगितलं नव्हतं, असंही म्हणाले, पण ते मला उद्देशून नव्हतं.

२६ ऑगस्ट, रविवार

हे लिहायला नको वाटतंय.

खालांनी बिस्किटांचा डबा आणला. कलीमला आलेली कार्डं. त्यांना मराठी-इंग्रजी वाचता येत नाही, वाहिदभाई डब्याला हात लावत नाहीत. म्हणाल्या, माझ्या लेकाला कुठकुठल्या लोकांनी ऐकलं ते वाचून दाखव. कोची, भुज, जबलपूर. प्रत्येक गावाचं नाव ऐकून त्या मान डोलवत होत्या, जणू लेक तिथं जाऊन आलाय.

अकरावं कार्ड माझंच. अजिंक्यताऱ्याचं चित्र. मी हसत हसत वाचायला लागलो, ‘छान ऐकू येतंय. तिसरी रेघही! अभिनंदन.’ मग पुढचं डोळ्यांनी वाचलं आणि तोंड बंद झालं.

‘२७ सप्टेंबर, दु. १२.४० ते २.२५. रेघांच्या आधी व नंतर तीन-तीन टिंबं येत आहेत, हात हलल्यासारखी. यंत्रात बिघाड दिसतो. की तपासा.’

तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. बुडणारी जहाजं हेच पाठवायची. शाळेतलं पोरही ओळखेल. रेघा बीकन पाठवत होतं, टिंबं तो घालत होता.

खालांनी विचारलं, थांबलास का. मग हळूच, ‘‘बेटा, लास्टच्या दिवशी कोनी आयकलं का त्याले? त्यानं कोनाले हाक तर नव्हती मारली ना?’’

मी म्हणालो, नाही खाला. हे कार्ड वीस तारखेचं आहे.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

२७ ऑगस्ट

माझी जुनी वही काढली. पावणेदोन तास. मधे मी जेवलो आहे, तशी नोंदच आहे, ‘जेवण, पिठलं’. पानाच्या कोपऱ्यात लाल पेनानं चांदणी काढली आहे.

का नाही ओळखलं? ते बीकन मला इतकं पाठ झालं होतं की मी वाचतच नव्हतो, फक्त मापत होतो. तिसरी रेघ किती क्षीण, किती वेळ. टिंबं मधे आली तर त्यांचा राग आला. माझी तिसरी रेघ बिघडवत होती म्हणून.

आणि कलीमचा फोन? वाहिदभाई म्हणाले, तो रस्त्यावर मोटरसायकलच्या डिकीत होता. रिसीव्हरजवळ फोन ठेवला की खरखर येते. आम्ही सगळेच लांब ठेवतो. त्याला वाटलं असेल, ऐकणारा कुणी ना कुणी असतोच. होता की. मी होतो. एक फोन लावायचा होता आर्णीला.

२ सप्टेंबर

आजपासून टिंबं सुरू झाली. आधी तीन, मग त्याच्या रेघा, मग तीन. १२.४० ला सुरू, २.२५ ला बंद. शेवटची टिंबं फार लांब लांब पडतात.

९ सप्टेंबर

रिसीव्हरची बॅटरी काढली. तरी १२.४० ला सुरू.

पोस्टात तिकिटांवर शिक्का मारताना लक्षात आलं, मी तीन मारून थांबतो. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, ‘‘काहून थांबले साहेब?’’

१३ सप्टेंबर

गणपती बसले. गावभर भोंगे. वाटलं आज तरी बुडेल तो आवाज. बाकीचं सगळं बुडालं, तो नाही.

खालांनी वर शिरा पाठवला. त्या माझ्यावर माया करतात. ते सगळ्यात वाईट आहे.

२१ सप्टेंबर

मोहर्रम. आज सांगायचंच ठरवून खाली गेलो. त्या सरबत गाळत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, अल्लाचा शुक्र आहे, माझ्या पोराला तडफडावं लागलं नाही.

मी सरबत पिऊन वर आलो. दोन पेले.

स्वतःला समजावतो की त्यांच्यासाठी गप्प आहे. खोटं. मला फक्त त्या डोक्यावरून फिरणाऱ्या हाताची भीती वाटते, तो थांबेल याची.

२३ सप्टेंबर

उपाय सुचला. यंत्र दुरुस्त करून त्याच खांबावर लावायचं, २७ तारखेला, १२.४० च्या आत. बीकन मालकाच्या जागी परत गेलं की त्याचं बोलणं पुरं होईल. मी पाठवायचं नाही, नुसतं चालू करायचं. वाहिदभाईंनी यंत्र देताना डोळे पुसले. चांगला आहेस, म्हणाले.

मी चांगला नाही. त्याच्या आईला खरं सांगण्यापेक्षा मला खांबावर चढणं सोपं वाटतं.

बबनराव म्हणाले, गुरुवार सोडून कधीही या, गुरुवारी शेजाऱ्याची फवारणी आहे. २७ गुरुवारीच येते. हो म्हणून फोन ठेवला. तारीख चुकवता येत नाही. तो चुकवत नाही.

२७ सप्टेंबर, गुरुवार. वावर

११.५० — रजा टाकली. वाहिदभाईंची मोटरसायकल रस्त्यावर. कापूस डोक्याच्या वर, आत आलं की आभाळाची पट्टी तेवढी दिसते. शेजारून पंपांचा आवाज येतोय. वारा तिकडून नाही. लवकर आटपेन.

१२.१५ — यंत्र चढवलं. तार जोडली. सोबत आणलेल्या रिसीव्हरचा हेडफोन कानाला लावला. चालू. नाव, रेघ, रेघ, रेघ. रडू आलं. चला, झालं.

१२.३० — वारा पडला. पंप आता दोन्ही बाजूंना. वास गोडसर. डोळ्यांसमोर धूर आहे, पण धूर कुठेच नाही. ओरडलो. पंपांपुढे मला माझंच ऐकू येत नाही. तोंडाला सारखं पाणी सुटतंय.

१२.४० — उठलो आणि बसलो. पाय आपोआप उडतायत. फोन डिकीत आहे. अर्थातच डिकीत —

वाजले किती दिसत नाही. अक्षर मोठं काढतोय. हातची की जोडलेली आहे. मी जोडली नव्हती.

परवाना नाही मला. तरी दाबली. तीन. मग त्याच्या रेघा. मग तीन. हात हलतो. कुणाला वाटेल यंत्र बिघडलं —

खाला, कार्ड वीसचं नाही. सत्तावीसचं. त्यानं हाक मारली होती. पावणेदोन तास. मी ऐकली. मी जेवत होतो खाला. वही कुणाला सापडली तर हे त्यांना वाचून — नको. वाचून दाखवा. नको —

परत दाबली. तीन टिंबं —

हेडफोनमध्ये कुणीतरी आलं! बीकन नव्हे. माणूस. शांत हात. मला ऐकलंय त्यानं, मलाच उत्तर देतोय. टिपून घेतो, एकेक अक्षर. छा न ऐ कू —

छान ऐकू येतंय. तिसरी रेघही.

यंत्रात बिघाड दिसतो. की तपासा. अभिनं —