नाल्याचा रंग

२ डिसेंबर
गाळणी पुन्हा तुंबली! ग्राफिनची काळी पूड चढवलेली वाळू पिंपात भरली की थोडा वेळ पाणी झरतं, मग ठप्प. सगळी वाळू उपसली, धुतली, परत भरली. नाकातून काळं येतंय. सुश्रुत म्हणाला, "प्राध्यापिकेशी लग्न केलं होतं, घरी आली कोळशाची वखारवाली!" नवऱ्याच्या विनोदाला हसायचंही त्राण नव्हतं. प्रयोगशाळेत चिमूटभर काळी पूड बाटलीभर रंग खाऊन टाकते. इथे भिवंडीत, कापड रंगवणाऱ्या डाईंगच्या मागे, खऱ्या पाण्यावर, माझाच जीव खातेय.

५ डिसेंबर
कंबर गेली. लिहिण्यासारखं काही नाही.

९ डिसेंबर
चाललं! वरून जांभळं पाणी, खालून नितळ, तेच नाल्यात — दिवसभर! डाईंगचा मालक देवेश ग्लास उन्हात धरून बघत होता. "मॅडम, एक नंबर! बाटल्या भरून विकू काय?" बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बसल्या जागी डोळा लागला.

नाल्यापलीकडे भाजी लावणाऱ्या पुतळाबाई बघून गेल्या. "माझे जल्मान पयल्यांदा तळ दिसला, बाय."

१३ डिसेंबर
तपासणीचा अहवाल आला. रंग गेलाय. क्षार तेवढेच, क्रोमियम जवळजवळ तेवढंच. म्हणजे विष जागच्या जागी, फक्त दिसत नाही.

देवेशला म्हटलं, क्रोमियम काढणारा पुढचा टप्पा बसेपर्यंत हे पाणी नाल्यात सोडू नका. तो म्हणतो, "तक्रार रंगाची होती, मॅडम. रंग गेला ना? आता कोण ओरडतंय?" सोमवारी प्रदूषण मंडळाचे मंजुरीवाले साहेब येणार. त्यांना पसंत पडलं तर सगळ्या डाईंगमध्ये माझीच गाळणी. भांडायला हवं होतं. अंगात बळच नव्हतं. सोमवार होऊ दे, मग भांडेन.

१४ डिसेंबर
रविवार असूनही गेले. पुतळाबाईंनी चहा आणला — कान तुटलेल्या कपात, आलं घालून. म्हणाल्या, नळाला पानी न्हाय. दोन घोट घेतल्यावर डोक्यात आलं, मग चहा कसला केला?

"तुमचंच पानी की! नाल्यातनं भरलं, उकळून घेतलं हाय. चार दिस आमी तेच पितो. रंगाचं होतं तवा म्हशीला बी पाजलं न्हाय कधी."

मी सांगत सुटले. पिऊ नका, नुसता रंग गेलाय, आतलं विष उकळून जात नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पन दिसतंय तं सोच्छ," म्हणाल्या. मला रडूच आलं. त्यांना वाटलं, बाई दमली.

१५ डिसेंबर
साहेब यायच्या आधी गाळणीचा कॉक बंद केला. सगळं पाणी न गाळता तसंच सोडलं. नाला पुन्हा जांभळा. पलीकडे पुतळाबाई कळशी घेऊन आल्या, वाकल्या, शिवी हासडली — मलाच असणार — आणि रिकामी कळशी घेऊन परत गेल्या. हायसं वाटलं!