हद्दीचा भाग

प्रिय नसरीन,

चार वर्षांनी लिहितेय. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मला बोलता येणार नाही.

मी कोल्हापुरातच आहे, विद्यापीठातल्या आपल्याच विभागात शिकवते. लॅबमधले सोळा कॉम्प्युटर एकमेकांना जोडून आपण पुराचं गणित मांडलं होतं. नदीचे सोळा तुकडे, प्रत्येक कॉम्प्युटरला एक. प्रत्येकानं आपल्या हद्दीवरची पातळी शेजाऱ्याला कळवायची आणि त्याची आल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. हद्दीचा तो भाग तू लिहिलास. मागच्या पुरात शिरोळला तुमच्या घरात छातीएवढं पाणी शिरलेलं. तुझा जीव त्या कामात अडकला होता. एकदा तुझे अब्बा, निसारचाचा, डबा घेऊन आले आणि म्हणाले, "पोरींनो, पाणी कुठवर येतंय एवढं आदल्या दिशी कळलं तरी लई झालं की!"

मग विभागाच्या समितीपुढं तो प्रोग्रॅम चालवला. मागच्या पुराशी ताडलं, तर शिरोळची पातळी पाच फूट कमी निघाली. आपल्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, चूक कुठं? मी म्हणाले, "हद्दीचा भाग नसरीननं लिहिलाय." दुसऱ्या दिवशी परीक्षांसाठी लॅब घेतली गेली, तुला तपासायलाही मिळालं नाही. महिन्याभरात तुझी शिष्यवृत्ती थांबली आणि तू वारणानगरच्या शाळेत नोकरी धरलीस.

नसरीन, प्रोग्रॅम हळू चालतोय म्हणून शेजाऱ्यासाठी थांबायची ओळ आदल्या दिवशी मीच काढली होती. तुला न विचारता. मग प्रत्येक कॉम्प्युटर शेजाऱ्याचे जुने आकडे घेऊन पुढं पळत राहिला. समितीपुढंच मला शंका आली होती. घरी माझ्याकडची प्रत तपासल्यावर खात्री झाली. तरी आज सांगू, उद्या सांगू म्हणत माझी पीएचडी होऊन गेली.

परवा सदफ नावाच्या माझ्या विद्यार्थिनीला त्या प्रोग्रॅमच्या, ओळ काढण्याआधीची आणि नंतरची, अशा दोन्ही प्रती सापडल्या. भर वर्गात तिनं विचारलं, "मॅडम, ही ओळ कुणी काढली?" मी म्हटलं, "मी." तशीच उठून सरांकडं गेले आणि सगळं लिहून दिलं. तुझी ओळ घालून पुन्हा चालवलं. शिरोळचं पाणी बोटभर फरकानं जुळलं.

सर पुढच्या आठवड्यात तुला फोन करतील, परत ये म्हणतील. माझ्यावरच्या रागानं त्यांना नाही म्हणू नकोस. चूक तुझी नव्हती, हे त्यांच्याआधी माझ्याकडून तुला कळावं, म्हणून हे पत्र.

तू म्हणशील तर तुझीच,
संयोगिता